भाजलेलं धान आणि धुऱ्यावरचा राग

मनगटावर दोन बोटं ठेवा. नाडी सापडली की सावकाश, खोल श्वास घ्या. नाडी किंचित घाईत चालू लागेल. आता त्याहूनही सावकाश श्वास सोडा. ती मंदावेल. वय कमी असेल तर फरक चटकन कळतो, साठी ओलांडली असेल तर जरा लक्ष देऊन शोधावा लागतो. हृदयाला आपण सांगून काही होत नाही, ते आपल्या तालात चालतं. पण श्वासाची गोष्ट निराळी. तो झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी मनात आलं तर आपल्याला चालवताही येतो. मेंदूतून निघून छातीत आणि पोटात उतरणारी व्हेगस नावाची एक लांबलचक नस आहे. उच्छ्वास चालू असतो तेव्हा ती हृदयाला आवर घालते, श्वास आत घेताना तो आवर सैल करते. म्हणजे ज्या कारभारात आपल्याला एरवी कुणी विचारत नाही, तिथे श्वासाच्या ओळखीने आत जाता येतं. मला याचं दर वेळी नवल वाटतं.

चिमूर तालुक्यात आपल्याला न विचारता चालणाऱ्या या कारभाराला वेगळीच धार येते. इथे ताडोबाचं जंगल शेताला खेटून आहे. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाला झुडपामागे सळसळ ऐकू आली, की विचार करायच्या आधीच काळीज धडधडतं, हातापायांत रक्त धावतं, पोटातलं पचन थबकतं, तोंडाला कोरड पडते. यात चुकीचं काहीच नाही. या भीतीला कुणी मनावरचं ओझं म्हणू नये. ती माणसाला जिवंत घरी आणते.

पण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून भावाने टोमणा मारला, तरी शरीरात हेच सगळं होतं. वाघासाठी एक यंत्रणा आणि भावासाठी दुसरी, अशी सोय शरीराने ठेवलेली नाही. त्यातही एक विचित्र भाग असा, की ताण आला की अंगात वाढणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक लगेच शिगेला पोचत नाही. त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. धुऱ्यावरचं भांडण तोवर मिटलेलं असतं, माणूस सायकल काढून घरी पोचलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी पोरगं वहीसाठी पैसे मागतं. भावासाठी चढलेला पारा पोराच्या गालावर उतरतो. पोराला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. ते हे मनात ठेवतं, आणि आणखी वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी देतं.

मनातल्या ओझ्याची जबाबदारी घ्यायची म्हणजे काय, हे मला या दारातल्या दोन मिनिटांइतकं दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. भाऊ टोमणा मारतो, ती त्याची करणी. काळीज धडधडलं, ते शरीराचं काम. त्यानंतर हात उचलला, तिथून पुढचं खातं आपल्या नावावर चढतं.

पतंजलींनी योगसूत्रांत या खात्याचा जो हिशेब मांडला आहे तो वाचताना थक्क व्हायला होतं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आसनांवर फार थोडं बोलतो. त्याचा सगळा रोख मनावर आहे. दुःखाच्या मुळाशी असलेल्या गोष्टींना तो क्लेश म्हणतो आणि ते पाच मोजतो: अविद्या, अस्मिता, राग म्हणजे आसक्ती, द्वेष, आणि जगण्याला चिकटून राहणारी मरणाची भीती. ही शेवटची भीती विद्वानांनाही सुटत नाही, असंही तो मोकळेपणाने नोंदवतो. मग सांगतो की क्लेश चार अवस्थांत राहतात. कधी निजलेले, कधी क्षीण झालेले, कधी मध्येच खंड पडलेले, कधी पूर्ण भरात. खंड पडलेला क्लेश कसा असतो हे सांगायला योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात दिलेलं उदाहरण मिस्कील आहे. चैत्र नावाचा माणूस एका स्त्रीवर भाळलेला दिसतो, म्हणून बाकीच्या स्त्रियांबद्दल तो विरक्त आहे असं समजू नका. ओढ एकीकडे वाहते आहे, दुसरीकडे ती वाट पाहत बसली आहे. भावाशी आठ महिने गोडीगुलाबी चालली म्हणून धुऱ्याचा विषय संपला असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा चैत्र लक्षात ठेवावा. पेरणीच्या आदल्या दिवशी तो जागा होतो.

याच भाष्यात पुढे जे येतं ते तर धानपट्ट्यातल्या माणसासाठीच लिहिल्यासारखं आहे. चिमूरपासून नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे पावसाळ्यात बांध्यांमधून रोवणी चाललेली असते, पऱ्ह्यांच्या जुड्या बांधावर पडलेल्या असतात. भाष्यकार म्हणतो की कर्माचा साठा हा टरफलातल्या धानासारखा आहे. टरफल शाबूत आहे, दाणा भाजलेला नाही, तोवर तो उगवणारच. टरफल निघालं किंवा दाणा भाजला की उगवण संपली. (टरफल हलक्या हाताने काढलं आणि आतला अंकुर शाबूत राहिला, तर लाल तांदूळही ओल्या फडक्यात मोड धरतो. भाष्यकाराने एवढी खोड काढू द्यावी. भाजलेल्या दाण्याबद्दल मात्र त्याच्याशी वाद नाही. लाह्या पेरून आजवर कुणी पीक घेतलेलं नाही.)

या उपमेत पेरणाराही आला. राग येतो, त्याचा ठसा मनावर उमटतो, ठशामुळे पुढच्या वेळी राग लवकर येतो, आणि नवा ठसा आणखी खोल पडतो. हे रहाटगाडगं असंच फिरत राहतं, असं भाष्य म्हणतं. ठशांबद्दल आजच्या विज्ञानातही एक धागा सापडतो. सन २००० मध्ये करीम नादेर, ग्लेन शॅफ आणि जोसेफ लदू या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भीतीची पक्की झालेली आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती नव्याने साठवावी लागते, असं त्यात दिसलं. माणसाच्या बाबतीत हे कितपत आणि कसं घडतं यावर अजून वाद आहेत. तरी एवढं पुरेसं सुचतं, की जुनी गोष्ट आठवणं म्हणजे कपाटातला फोटो काढून पाहणं नव्हे. आठवताना आपण ज्या अवस्थेत असतो, तिचा रंग त्या आठवणीला लागत असावा. मुठी आवळून आठवलेला भाऊ एक, आणि शांत श्वासात आठवलेला भाऊ दुसरा.

पेरणाऱ्याच्या हातात काय असतं, ते याच पट्ट्यात पाहता येतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षं निवड करत एचएमटी हे वाण तयार केलं. बांधीत काय उगवतं ते पूर्णपणे त्यांच्या हातात नव्हतं. पुढच्या साली कोणतं बी ठेवायचं, ते होतं.

पतंजलींचं पहिलं आश्वासनही असंच माफक आहे. तप, स्वाध्याय आणि ईश्वरार्पण यांनी क्लेश पातळ होतात, एवढंच ते सुरुवातीला म्हणतात. आठवड्याच्या शिबिरात जन्माचा राग धुऊन देणाऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या की या माफकपणाची किंमत कळते.

मात्र हिशेबाच्या बाबतीत ते जराही माफक नाहीत. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने करताना संमती दिलेली, अशी तीन प्रकारची. प्रत्येक प्रकार लोभातून, क्रोधातून किंवा मोहातून येतो. त्यातही सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीन पायऱ्या. झाले २७. भाष्यकार एवढ्यावर थांबत नाही. तीव्रतेच्या प्रत्येक पायरीच्या पुन्हा तीन पायऱ्या करून तो ८१ वर पोचतो. मला यातला संमतीचा रकाना सर्वांत अवघड वाटतो. जाऊबाईचा अपमान होत असताना आपण भाजी निवडत गप्प बसलो आणि आतून जरा बरंच वाटलं, तर तेही आपल्याच खात्यात. ध्यानाला बसल्यावर पहिल्या काही मिनिटांत नेमक्या अशाच नोंदी वर येतात, आणि बहुतेक लोक तिथेच ‘आपल्याला काही ध्यान जमत नाही’ म्हणून उठतात.

चिमूर तालुक्यातल्या गोंदेड्याला एक गुंफा आहे. यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज तरुणपणी घर सोडून रानांत हिंडले, आणि या गुंफेत त्यांनी साधना केली. गोंदेडा आज तपोभूमी म्हणून ओळखला जातो, तिथे दरवर्षी यात्रा भरते. मला महाराजांच्या गुंफेत बसण्याइतकंच त्यांचं बाहेर येणं महत्त्वाचं वाटतं. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि एकट्याने करायची गोष्ट गावाच्या पटांगणात आणली: पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. विदर्भातल्या कितीतरी गावांत ती आजही होते. रांगेत मांडी घालून बसलेली माणसं, डोक्यावर भगवी टोपी, पाठ ताठ. ज्याच्याशी सकाळी धुऱ्यावरून वाजलं तोच शेजारच्या पट्टीवर बसलेला असू शकतो.

आणि खंजिरीवरचं भजन! एक चरण संपेपर्यंत श्वास सोडत राहायचं, मग पटकन भरून घ्यायचा, पुन्हा लांब सोडायचा. इटलीतल्या ल्युचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी माणसांचा अभ्यास मांडला. काही वेळ त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हटली, काही वेळ बौद्ध परंपरेतला मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबात दर दहा सेकंदांनी येणारी एक नैसर्गिक लाट असते. मिनिटाला सहा श्वास झाले की श्वासाची लाट आणि ही लाट एकमेकींवर येतात, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची व्यवस्था अधिक चपळ होते. धर्म दोन, भाषा दोन, आकडा एकच. आपल्या भजनी मंडळांचा श्वास कुणीतरी असाच मोजायला हवा. अंदाज करायचा तर मी सहाच्या आसपासच पैज लावीन.

आता या सगळ्याला एक मोठी अट आहे, आणि ती चिमूरइतकी दुसरं गाव सांगू शकत नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, छोडो भारत आंदोलनाचे दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेलं गाव रस्त्यावर आलं. गोळीबार झाला, माणसं पडली, सरकारी अधिकारीही मारले गेले. नंतर गावात फौज घुसली आणि तिने बायकांवर अत्याचार केले. महिनाअखेरीस महाराजांनाही अटक झाली. त्या बायकांना कुणी येऊन सांगितलं असतं, की दुःख तुमच्याच मनात आहे, दीर्घ श्वास घ्या, तर तो निव्वळ निर्लज्जपणा ठरला असता. त्यांच्यावर जे लादलं गेलं त्याचा जाब सरकारने द्यायचा होता. तो मागायला सेवाग्रामचे जयकृष्ण भन्साळी पुढे आले. हे प्राध्यापक होते आणि कडक तपस्वीही. एकेकाळी मौन मोडू नये म्हणून त्यांनी ओठ तारेने शिवून घेतले होते. त्या तारेच्या मौनाचं मला कौतुक नाही, कारण तोंड शिवल्याने आतलं काही भाजलं जात नाही. पण चिमूरच्या बायकांसाठी त्यांनी ११ नोव्हेंबर १९४२ पासून केलेला ६३ दिवसांचा उपवास वेगळ्या जातीचा आहे. दुसऱ्याचं दुःख आपलं मानून त्यांनी ते सत्तेच्या दारात नेऊन ठेवलं.

म्हणून ‘स्वतःच्या भावनांची जबाबदारी घ्या’ हे वाक्य कोण कुणाला म्हणतं आहे, ते आधी पाहावं. मार खाणाऱ्या सुनेला सासरा हे सांगत असेल तर तो योग नाही. सासऱ्याने ते आरशासमोर म्हणावं.

जखम दुसऱ्याने केलेली असली तरी शरीर मात्र आपलं राहतं, आणि तिथे योगाला काम आहे. बेसेल व्हान डर कोल्क यांच्या गटाने अमेरिकेत २०१४ मध्ये ६४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या आघाताच्या ताणविकाराने त्या ग्रासलेल्या होत्या आणि नेहमीच्या उपचारांनी त्यांना गुण आला नव्हता. काहींना दहा आठवडे योगवर्ग दिले, काहींना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया त्या विकाराच्या व्याख्येत बसेनाशा झाल्या, दुसऱ्या गटात २१ टक्के. पुढच्या पाहणीत असं आढळलं, की ज्यांनी सराव चालू ठेवला त्यांचा फायदा टिकला. अभ्यास लहान आहे, पण वाट दाखवणारा आहे.

तेव्हा भांडणानंतर घरी शिरण्याआधी दाराबाहेर थांबा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. राग जाणार नाही. जाऊही नये, धुऱ्याची मोजणी अजून व्हायची आहे. पोराला वहीचे पैसे देण्याइतपत तो खाली येईल. रोज ठरल्या वेळी बसलात तर आणखी लवकर येईल. आणि डोळे मिटून बसल्यावर जुनं काही इतक्या जोरात उसळत असेल की छाती दाटते, झोप उडते, जगणं नकोसं होतं, तर डोळे उघडा आणि माणसाशी बोला. टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.