भौतिकोपचाराचे बिल : यंत्राचा वेळ, तज्ज्ञाचा वेळ

शिरपूर जैन (जि. वाशीम) - पक्षाघातानंतर रुग्णाला अनेकदा महिनोन् महिने भौतिकोपचार घ्यावे लागतात. त्याचे शुल्क आपल्याकडे बहुधा ‘सिटिंग’वर आकारले जाते, मात्र तज्ज्ञाने स्वतः किती वेळ दिला, हे बिलावरून कळत नाही. विद्युत उपकरण लावून रुग्ण पडून राहिला, तो वेळ यंत्राचा. हाताला धरून चालविले, सांधा मोकळा केला, तो तज्ज्ञाचा.

अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ योजनेत हा फरक काटेकोरपणे पाळला जातो. तेथे प्रत्यक्ष उपचाराचे एकक १५ मिनिटांचे आहे. किमान ८ मिनिटे दिल्याशिवाय एक आणि २३ मिनिटे भरल्याशिवाय दोन एककांचे बिल लावता येत नाही. तज्ज्ञाच्या सततच्या उपस्थितीविना चाललेला विद्युत उपचार मात्र कितीही लांबला, तरी एकदाच मोजला जातो.

शिरपूरहून वाशीम किंवा अकोल्यास एसटीने जाणाऱ्या रुग्णाचा अख्खा दिवस एका सिटिंगपायी खर्ची पडतो. म्हणून तज्ज्ञ स्वतः किती मिनिटे देणार, हे आधीच विचारावे. तारीख, उपचार व वेळ नोंदविलेली पावती मागावी. सेवेचे बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.