रोटरी इंजिनाच्या पुनर्बांधणीत सीलची निवड : माझदा १३बी इंजिनाच्या संदर्भात

प्रस्तावना

मोटारीच्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये मागे-पुढे सरकतो आणि त्याभोवतीच्या गोल रिंगा वायूचा दाब अडवून धरतात. वँकेल पद्धतीच्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर, कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोलासारख्या पोकळीत फिरतो आणि पोकळीचे सतत आकार बदलणारे तीन कक्ष करतो. हे कक्ष एकमेकांपासून अलग ठेवण्याचे काम एकट्या गोल रिंगेला जमणारे नाही. ते अनेक सुट्या तुकड्यांनी मिळून करावे लागते. रोटरच्या तीन टोकांवर तीन अपेक्स सील, दोन्ही पृष्ठांवर मिळून सहा साइड सील आणि या दोहोंचा सांधा जुळवणारे सहा कॉर्नर सील असा एका रोटरचा परिवार असतो. याशिवाय वंगण अडवणाऱ्या चार रिंगा असतात, त्या वेगळ्याच.

प्रस्तुत लेखात माझदा कंपनीच्या १३बी या दोन रोटरांच्या इंजिनाच्या आधारे, पुनर्बांधणीच्या वेळी हे सील कसे निवडावेत याचे विवेचन केले आहे. हे इंजिन ज्या मोटारींत प्रामुख्याने ओळखले गेले त्यांपैकी आरएक्स-७ चे उत्पादन २००२ मध्ये आणि याच इंजिनाचे सुधारित रूप बसवलेल्या आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. म्हणजे आज उघडले जाणारे इंजिन बहुधा जुने असते आणि त्याचे सुस्थितीतील हाउसिंग मौल्यवान असते. सील नवे मिळते, हाउसिंग तितक्या सहजी मिळत नाही. निवडीचा विचार या वस्तुस्थितीपासूनच सुरू व्हावयास हवा.

सीलची समस्या : थोडा इतिहास

फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन जर्मनीतील एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालले. याच कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणलेली आरओ ८० ही मोटार अभियांत्रिकीच्या दृष्टीने वाखाणली गेली, परंतु तिची अपेक्स सील लवकर झिजू लागली. ती तीन तुकड्यांची होती व तिन्ही तुकडे एकाच पदार्थाचे होते. थंड इंजिन सुरू करताना मधला तुकडा इतर दोहोंपेक्षा अधिक झिजे आणि मग सगळी जुळणी सैल पडे. पुढे मधल्या तुकड्याचा पदार्थ बदलून हा दोष दूर करण्यात आला. तोवर कंपनीचे नाव व पैसा दोन्ही गेले होते.

जपानमध्ये हिरोशिमा येथील तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, हिच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. सील हाउसिंगच्या पृष्ठावरून सरकताना थरथरे आणि पृष्ठावर आडव्या लाटांचे ओरखडे पाडी. तेथील अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालील सत्तेचाळीस जणांच्या चमूने गाईघोड्यांच्या हाडांपासून केलेली सीलदेखील तपासून पाहिली, असे सांगितले जाते. सीलला आडवे व उभे छिद्र पाडून त्याची नैसर्गिक कंप्रता बदलली की ओरखडे थांबतात, हे त्यांना प्रयोगांती उमगले. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये मात्र ॲल्युमिनियम जिरवलेल्या कार्बनचे सील बसवण्यात आले. दोष केवळ सीलचा नव्हता, तर सील आणि ते ज्यावर घासते ते पृष्ठ या जोडीचा होता, ही गोष्ट या इतिहासात ठळकपणे दिसते.

अपेक्स सील काय सोसते

१३बी मध्ये रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मिमी आणि शाफ्टची विकेंद्रता १५ मिमी आहे. या दोन आकड्यांवरून हिशेब केल्यास, शाफ्ट मिनिटाला ७,००० फेरे घेत असताना टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १५ ते ३७ मीटर यांच्या दरम्यान सतत कमी-अधिक होतो. शिवाय सील पृष्ठाशी नेहमी काटकोनात उभे राहत नाही; ते दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत कलते. म्हणूनच त्याचा माथा गोलाकार घडवलेला असतो आणि स्पर्शरेषा त्या माथ्यावरून पुढे-मागे सरकत राहते.

सीलला पृष्ठावर दाबण्याचे काम सुरुवातीला खालची स्प्रिंग करते, पण ज्वलनाच्या वेळी खरा दाब वायूचाच असतो. वायू सीलच्या एका बाजूने खाचेत उतरतो, त्याला दुसऱ्या भिंतीवर रेटतो आणि खालून उचलतो. पुढच्या क्षणी शेजारच्या कक्षातील दाब वाढला की सील उलट्या भिंतीकडे जाते. यास्तव सील आणि खाच यांमधील फट हा निवडीतला सर्वांत नाजूक आकडा ठरतो. फट फार कमी असेल तर काजळी साचून सील अडकते व वायूही खाली उतरत नाही. फट फार झाली तर सील खाचेत तिरपे होते आणि खाचेचे ओठ झिजवते.

आधी मोजमाप, मग निवड

इंजिन उघडण्यापूर्वीच काही गोष्टी समजू शकतात. एका रोटरच्या तिन्ही कक्षांचा दाब रोटरी इंजिनासाठीच्या मापकाने वेगवेगळा मोजावा. अपेक्स सील दोन कक्षांमधील भिंत असल्याने ते निकामी झाल्यास सहसा लगतचे दोन कक्ष कमी दाब दाखवतात. एकच कक्ष कमी पडत असेल तर संशय प्रथम साइड सीलवर जातो.

उघडल्यावर हाउसिंगची क्रोमची आतली बाजू पाहावी. कडांशी क्रोमचे पापुद्रे निघाले असतील, लाटांचे ओरखडे नखाला लागत असतील, तर कोणतेही सील त्यावर टिकणार नाही. अशा वेळी महागडे सील घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. त्यानंतर खाचेची रुंदी पाहावी. १९८५ पर्यंतच्या १३बी मध्ये ३ मिमी, तर १९८६ पासून २ मिमी रुंदीची सील आहेत. आरएक्स-८ ची सील २ मिमीचीच, पण उंचीला कमी असल्याने ती जुन्या रोटरसाठी योग्य नाहीत. २ मिमीची झिजलेली खाच रुंद करून ३ मिमीचे सील बसवण्याची पद्धत आहे. रोटर त्यामुळे वाचतो, परंतु जड सील केंद्रोत्सारी बलाने हाउसिंगवर अधिक दाबले जाते, हे विसरता येत नाही. २ मिमीच्या नव्या सीलची उंची ८ मिमी असते आणि ती ६.५ मिमीवर आली की सील टाकून द्यावे. जुने सील वापरायचेच झाल्यास स्प्रिंगा तरी नव्या घ्याव्यात, कारण उष्णतेने त्यांचा ताण गेलेला असतो.

पदार्थाची निवड

येथे मतभेद सर्वांत जास्त आढळतात. कारखान्याचे सील माथ्याशी कठीण केलेल्या बिडाचे असते. ते हाउसिंगशी जुळवून घेते व दीर्घकाळ चालते. मात्र इंधन अवेळी भडकून स्फोट झाला, तर ते तुटते. टर्बो बसवलेल्या इंजिनात तुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडून टर्बाइनची पातीही मोडतो. या भीतीपोटी अनेक जण पोलादी मिश्रधातूची, तुटण्याऐवजी वाकणारी सील पसंत करतात. त्यांतील काही सील हाउसिंगला अधिक घासतात आणि अशा वेळी स्वस्त भाग वाचवण्यासाठी महाग भाग खर्ची पडतो. मुळात सील तुटणे हे लक्षण आहे, रोग इंधन-हवेच्या प्रमाणात किंवा ठिणगीच्या वेळेत असतो. तो बरा न करता केवळ चिवट सील बसवल्यास पुढचा आघात रोटरवर होतो.

सिरॅमिक सील हलके व अत्यंत कमी झिजणारे असते. १९९१ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी च्या चार रोटरांच्या इंजिनात ते होते. त्याची किंमत आणि आघात सोसण्याची मर्यादा पाहता रोजच्या मोटारीत ते क्वचितच समर्थनीय ठरते. कार्बनचे सील हाउसिंगशी सर्वांत सौम्य असते, परंतु टर्बोच्या दाबाला ते दुबळे पडते. रस्त्यावर चालणाऱ्या, फेरफार न केलेल्या इंजिनासाठी कारखान्याच्या बिडाच्या सीललाच अग्रक्रम द्यावा, असे म्हणावे लागते. वंगणाचा पुरवठा हा निवडीचाच भाग मानावा. कक्षात थेंबाथेंबाने तेल सोडणारा पंप काढून टाकला असेल, तर टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्ये मिसळणे अपरिहार्य असते.

लहान सील आणि रबरी रिंगा

साइड सीलमध्ये निवडीपेक्षा जुळवणी महत्त्वाची. प्रत्येक सील त्याच्या स्वतःच्या खाचेत ठेवून, टोक कानशीने हळूहळू घासून, कॉर्नर सीलपासून ०.०५ ते ०.१५ मिमी फट ठेवावी लागते. फीलर गेज घेऊन बारा वेळा हेच काम करणे कंटाळवाणे असते आणि घाई नेमकी इथेच होते. फट कमी राहिली तर तापल्यावर वाढलेले सील कॉर्नर सीलला ढकलते. जास्त राहिली तर त्या सांध्यातून दाब गळतो. एकदा घासून जुळवलेली सील जुळणीच्या वेळी व्हॅसलिनने खाचेत चिकटवून ठेवतात, जेणेकरून रोटर उलटताना ती निसटू नयेत.

वंगणाच्या रिंगांमधील रबर उष्णतेने ताठ झाले की निळा धूर दिसू लागतो. पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगांचे महत्त्व तर त्यांच्या किमतीवरून कळत नाही. त्या हाउसिंगच्या थरांमध्ये दाबलेल्या असतात. एकदा इंजिन फार तापले की त्या कडक होऊन पाणी कक्षात शिरते आणि सकाळी इंजिन सुरू करताना पांढरा धूर येतो. त्यांतील एक रिंग बदलण्यासाठीसुद्धा लांब बोल्ट काढून संपूर्ण इंजिन पुन्हा सुटे करावे लागते. त्यामुळे अपेक्स सील जुनेच ठेवायचे ठरले तरी या रिंगा प्रत्येक वेळी नव्या घालाव्यात. आणि जुळवण्यापूर्वी त्यांच्या खाचांच्या कडा गंजून खचल्या आहेत काय, हे उजेडात धरून पाहावे.