ससाणा परत का येतो?

समजा, तुमच्या मनगटावर एक ससाणा बसलाय. वजन एक किलोच्या आसपास, पण नख्या अशा की जाड कातडंही टोचेल. तुम्ही त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढता, पायातली दोरी सोडता आणि हात उंचावता. ससाणा उडतो. आता त्याला कोण अडवणार? वर सगळं आभाळ मोकळं, खाली नजर पोचेल तिथवर वाळू. मग तो परत तुमच्याकडे कशाला येईल?

आणि तरीही तो येतो! अरबस्तानातले भटके बदू लोक पिढ्यान् पिढ्या याच भरवशावर शिकार करत आले. वाळवंटात शेती नाही, बंदूक तेव्हा नव्हती. उंटाचं दूध आणि खजूर यांवर दिवस काढायचे. अशा घरात हिवाळ्यात ताजं मांस आणून द्यायला हा पक्षी मदत करायचा.

त्यांचा सगळ्यात लाडका पक्षी म्हणजे चरग ससाणा. अरब त्याला ‘सक्र’ म्हणतात आणि ससाणा सांभाळणाऱ्याला ‘सक्कार’. चरग ससाणे मंगोलिया, कझाकस्तान अशा थंड गवताळ प्रदेशांत जन्मतात आणि थंडी पडू लागली की त्यांतले काही दक्षिणेकडे निघतात. शिकारीसाठी मादी जास्त पसंत करतात, कारण ससाण्यांमध्ये मादी नरापेक्षा बरीच मोठी आणि ताकदवान असते. म्हणून इथून पुढे आपण ‘ती’च म्हणू.

तिला पकडायची एक जुनी युक्ती ऐका. माणूस वाळूत उथळ खड्डा खणून त्यात आडवा व्हायचा, अंगावर काटक्या-झुडपं ओढून घ्यायचा आणि दोरी बांधलेलं कबुतर बाहेर फडफडत ठेवायचा. ससाणी कबुतरावर उतरली की दोरी हळूहळू जवळ ओढायची. ती खाण्यात गुंग असतानाच झटकन तिचे पाय धरायचे. तासन् तास वाळूत निपचित पडून राहायला केवढा धीर लागत असेल!

पण खरी कसोटी पुढे असायची. रानातला पक्षी माणसाला घाबरतो. त्यामुळे आधी तिच्या डोक्यावर कातड्याची छोटीशी टोपी चढवायची. या टोपीला म्हणतात ‘बुर्का’. ससाण्याचं सगळं जग डोळ्यांत असतं; दिसेनासं झालं की ती शांत होते. पायांत मऊ पट्टे आणि बसायला ‘वकर’, म्हणजे खाली अणकुचीदार खिळा असलेला, वाळूत रोवता येणारा लाकडी अड्डा. सक्कार तिला रात्रंदिवस जवळ ठेवतो, हातावर घेऊन हिंडतो, संध्याकाळी कॉफी पीत गप्पा मारणाऱ्या मंडळींमध्ये घेऊन बसतो. तिला नाव देतो आणि प्रत्येक घास देताना त्याच नावानं हाक मारतो. मारणं, ओरडणं मुळीच नाही. ससाण्याला शिक्षा कळतच नाही. एकदा दुखावली की ती कायमची बिथरते.

मग येतो ‘तिल्वा’. हा पिसांचा झुपका, दोरीला बांधलेला. सक्कार तो गरगर फिरवतो, ती लांबून झेपावते आणि झुपक्यावर तिला मांस मिळतं. आधी पायाला लांब दोरी असते, मग एक दिवस ती सोडतात. हे सगळं बदू लोक दोन-तीन आठवड्यांत साधायचे!

आता आपला प्रश्न. ती परत येते ती मालकावरच्या प्रेमानं नाही. कुत्रा मुळात कळपातला प्राणी, त्याला म्होरक्या कळतो. ससाणा एकट्यानं जगणारा. हुकूम म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात बसतच नाही. तिला एवढंच समजलेलं असतं की हा माणूस धोक्याचा नाही आणि याच्याजवळ हमखास खायला मिळतं. म्हणून तिची भूक सांभाळणं ही सक्काराची सगळ्यात मोठी विद्या. पोट गच्च भरलेलं असेल तर ती झाडावर नाहीतर दगडावर निवांत बसून राहील, हाका मारा की काहीही करा. उपाशी असेल तर तिच्यात उडायची ताकद नसेल. आज काटा वापरून रोज वजन करतात. जुने सक्कार छातीच्या हाडावरून बोट फिरवून ओळखायचे. मला या बोटांचं फार कौतुक वाटतं.

शिकार असते होबारा नावाच्या पक्ष्याची. आपल्या माळढोकाचा हा लहान भाऊबंद. रंग असा वाळूसारखा की समोर बसला तरी दिसत नाही. सक्कार वाळूतली पावलं वाचत जातो आणि मग ससाणीची टोपी काढतो. ती मान ताणते, पिसं अंगाशी घट्ट मिटते, नजर एका जागी खिळते. आपल्या डोळ्यात सगळ्यात स्पष्ट दिसण्याची एकच जागा असते, ससाण्याच्या प्रत्येक डोळ्यात दोन असतात! डोळे मात्र खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून ती सारखी डोकं हलवून अंतर जोखते. चोचीच्या वरच्या भागाला दातासारखं टोक असतं, त्यानं ती भक्ष्याची मान मोडते.

होबाराही काही कमी नाही. तो तिच्याहून जड असू शकतो, वेगानं वळणं घेतो, आणि अगदीच जवळ आली तर तिच्या अंगावर चिकट विष्ठेची पिचकारी सोडतो! पिसं एकमेकांना चिकटली की ससाणी उडणार कशी? कित्येकदा होबाराच जिंकतो.

ती जिंकली तर पळायचं सक्कारानं. ती शिकार आणून देत नाही, जिथे पकडली तिथेच खायला बसते. तिचं पोट भरायच्या आत तिथे पोचायचं, तिला तिचा वाटा द्यायचा आणि हळूच पुन्हा हातावर घ्यायचं. हिवाळा सरला की पूर्वीचे बदू तिला चक्क सोडून द्यायचे. उन्हाळ्यात तिला खाऊ काय घालणार आणि त्या उष्म्यात जगवणार कसं? पुढच्या शरद ऋतूत नवी ससाणी, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आज तिथे मोठी शहरं आहेत, तरी ही विद्या टिकून आहे. २०१० साली युनेस्कोनं ती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. आताचे बरेचसे ससाणे माणसांनीच अंड्यांतून वाढवलेले असतात. अबू धाबीत १९९९पासून खास ससाण्यांचं रुग्णालय आहे. तिथली एक गोष्ट मला सर्वांत आवडते: तुटलेलं पीस जोडणं. पिसाची दांडी पोकळ असते. गळून पडलेली पिसं डॉक्टर जपून ठेवतात, त्यांतलं नेमक्या मापाचं आणि रंगाचं निवडतात, मध्ये बांबूची बारीक काडी घालून चिकटवतात. पक्षी त्याच पंखांनी उडतो! शिवाय संयुक्त अरब अमिरातीत २००२पासून ससाण्यांना पासपोर्ट मिळतो, त्यात पायातल्या कडीचा क्रमांक असतो. चोरून पकडलेला पक्षी त्यामुळे सीमेवर अडवता येतो.

आणि याची गरज आहेच, कारण रानातला चरग ससाणा आता संकटात आहे. बेकायदा पकडणं हे एक कारण, विजेच्या तारांचा धक्का हे दुसरं. आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवर त्याचा नातलग शाही ससाणा घरटं करतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला पकडता येत नाही, दुर्बिणीतून मात्र हवं तेवढं बघा.

अरब देशांत लोक आता पक्षी परत देण्याच्याही मागे लागलेत. १९९५पासून अमिरातीचे संस्थापक शेख झायेद यांच्या नावाच्या योजनेत हंगामानंतर ससाण्यांना रानात सोडतात. मंगोलियाच्या गवताळ मैदानांवर तर झाडंच नाहीत, कडे नाहीत, घरटं करायचं कुठे? म्हणून अबू धाबीच्या पैशांतून तिथे खांबांवर ५००० कृत्रिम घरटी बसवली गेली. चरग ससाण्यांनी ती पसंत केली, त्यांत अंडी घातली आणि पिल्लंही वाढवली.