परीक्षा काय मोजते?

संयोजकांनी विषय दिला आहे 'स्पर्धा परीक्षेची तयारी'. कोणतं पुस्तक घ्यावं, चालू घडामोडींच्या टिपा कशा काढाव्यात, हे सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगलं सांगतात. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. त्या धंद्यात एक खोड लागते. सगळे उत्तराच्या मागे असले की आम्ही आधी प्रश्नाकडे बघतो. तेव्हा आज आपण एवढंच बघू, की ही परीक्षा नेमकं मोजते काय.

मुळात सरकारी नोकरीसाठी परीक्षा घ्यायची कशाला? नाही घेतली तर काय होतं ते बघा. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुलकी नोकरीत कोण येणार हे कंपनीचे संचालक ठरवत. म्हणजे ओळख, नातं, शिफारस. 1855 साली लंडनला खुली परीक्षा सुरू झाली. शिफारस चालेना, पेपर चालू लागला. ही फार मोठी सुधारणा होती, यात शंका नाही. पेपर तपासणाऱ्याला उमेदवाराचे वडील कोण हे दिसत नाही. 1863 साली सत्येंद्रनाथ टागोर त्या परीक्षेत यशस्वी झाले, पहिले भारतीय. पण लंडनच्या जोडीनं भारतातही परीक्षा घ्यायला 1922 साल उजाडलं. मधली जवळजवळ साठ वर्षं परीक्षा सगळ्यांना खुली होती, बोटीचं भाडं मात्र ज्याचं त्यानं बघायचं होतं.

हा जो पेच आहे ना, तो कोल्हापूरनं फार लवकर ओळखला. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती 1894 साली कारभार आला, तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागांवर एकाच जातीचे लोक होते. बाकीच्या जातींना बंदी होती का? कागदावर नव्हती. 'लायक माणसं मिळत नाहीत' एवढं म्हटलं की भागत होतं. आता लायकी येते कुठून? ती शाळेतून येते, आणि शाळा जिथं आहे तिथं राहायला जागा लागते, दोन वेळचं जेवण लागतं. म्हणून 1901 साली मराठा बोर्डिंग, मग इतर समाजांची वसतिगृहं, आणि 26 जुलै 1902 चा तो हुकूम: यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना. त्या हुकुमातली एक बारीक गोष्ट आम्हाला फार आवडते. नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करा, असं खातेप्रमुखांना त्यात बजावलेलं आहे. नुसती इच्छा व्यक्त करून महाराज थांबले नाहीत, हिशेब मागितला. प्रशासन म्हणतात ते हेच. लोकसेवेचा अभ्यास करणाऱ्यानं तो हुकूम एकदा मुळातून वाचावा.

आता आजचे आकडे घ्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2024 च्या नागरी सेवा परीक्षेत पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले 5,83,213. मुख्य परीक्षेला पात्र ठरले 14,627. मुलाखतीपर्यंत पोचले 2,845. निवड झाली 1,009 जणांची. म्हणजे साधारण 578 जणांत एक. त्याच निकालात आपल्या शेजारच्या कागल तालुक्यातल्या यमगे गावच्या मेंढपाळाच्या मुलाची निवड झाली, आणि सगळ्या महाराष्ट्रानं मेंढरांबरोबरचा तो फोटो पाहिला. आनंद व्हायलाच पाहिजे, आम्हालाही झाला. पण फोटो एकाचाच निघतो. उरलेल्या 577 जणांचा निघत नाही, आणि त्यांनी अभ्यास कमी केला असं म्हणायला कुणाकडं काही आधार नाही.

इथं थोडं थांबू, कारण मुद्दा इथंच आहे. हा 1,009 आकडा आला कुठून? देशात त्या वर्षी बरोबर 1,009 माणसं लायक होती म्हणून? नाही. सरकारला किती जागा भरायच्या होत्या, त्या हिशेबावरून. उद्या दोन हजार जागा निघाल्या तर आणखी हजारभर लोक रातोरात 'गुणवंत' होतील, आणि त्यांच्या डोक्यात तर काहीच बदललेलं नसेल. दहावीची परीक्षा विचारते, 'तुला येतं का?' सगळ्यांना येत असेल तर सगळे पास. स्पर्धा परीक्षा विचारते, 'तुझ्या पुढं किती आहेत?' पहिला प्रश्न पात्रतेचा, दुसरा निवडीचा. मुलाखतीहून परत आलेल्या 1,836 जणांना आपण गावात 'नापास' म्हणतो तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला चिकटवतो. तर्कशास्त्रात ही चूक आहे. घरात ती नुसती चूक राहत नाही, पोरगं लग्नाकार्याला यायचं बंद करतं.

पालक विचारतात, 'किती वर्षं करू द्यायचं?' केंद्रीय परीक्षेत खुल्या प्रवर्गाला वयाची अट 32 आणि संधी सहा. इतर मागासवर्गीयांना 35 आणि नऊ. तिथं आयोगच तुमच्यासाठी मोजतो. राज्यसेवेत खुल्या प्रवर्गाची मर्यादा 38 पर्यंत जाते, मागासवर्गीयांची 43. ही सवलत चांगली आहे, पण तिचा एक तोटा होतो. 'आता पुरे' असं म्हणायला कुणी उरत नाही. शिवाय जाहिरात वेळेवर येत नाही, निकाल लांबतो, कुणीतरी कोर्टात जातं. वर्षं अभ्यासात जातात तशी वाट पाहण्यातही जातात. आमचं मत विचाराल तर अट अभ्यास सुरू करतानाच स्वतःच्या हातानं वहीत लिहून ठेवावी. निकालाच्या आदल्या रात्री माणूस स्वतःशी खरं बोलत नाही. आणि सगळ्या अपयशांना एकाच मापानं मोजू नये. जो दोनदा मुलाखतीपर्यंत गेला तो दाराशी उभा आहे, त्याला आणखी एक संधी द्यायला हरकत नाही. जो तीनदा पूर्वपरीक्षेतच अडकला, त्याला चौथ्यांदा तेच करून काय वेगळं मिळणार? त्यानं पद्धत बदलावी, नाहीतर परीक्षा बदलावी. पदवीला जोडून हाताला काही काम असेल, गोकुळ शिरगावच्या वसाहतीत असो, शेतीत असो, तर हा निर्णय घेणं जरा सोपं जातं. रिकाम्या हातानं थांबणं फार अवघड.

आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. त्यावरून पुण्यात मोर्चे निघाले, आणि 2023 ऐवजी 2025 पासून ती लागू करायचं ठरलं. मुलांचं म्हणणं समजण्यासारखं होतं, वर्षानुवर्षं चार पर्यायांतून एक निवडायची तयारी केलेली. तरी आम्हाला बदल बरा वाटतो. अधिकाऱ्यासमोर फाईल येते तेव्हा खाली अ, ब, क, ड छापलेलं नसतं. टिपणी लिहावी लागते, कारण द्यावं लागतं.

शेवटी नीतिशास्त्राचा पेपर. 2013 पासून केंद्रीय परीक्षेत 250 गुणांचा हा पेपर आहे. मुलं आमच्याकडं येतात ती 'कांट दोन ओळीत द्या, गीतेचा निष्काम कर्मयोग चार ओळीत द्या' म्हणून. देतो आम्ही. पण त्यातलं एक प्रकरण इथलंच घेऊन बघा. विमानतळाच्या विस्तारासाठी तुमच्या गावची जमीन गेली आहे. सातबाऱ्यावर नाव असणं आणि नसणं यातला फरक तुम्हाला आम्ही सांगायला नको.

समजा तुम्ही तलाठी आहात. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. वडील वारले, मृत्युपत्र नाही. तीन भाऊ वारस नोंदीचा अर्ज घेऊन आलेत. बहिणीचं नाव अर्जात नाही. विचारलं तर म्हणतात, 'ती गडहिंग्लजला दिलीय, तिनं हक्क सोडलाय,' आणि पाचशेच्या मुद्रांकावर तिची सही दाखवतात. थोरला भाऊ गावातला वजनदार माणूस आहे. काय कराल?

वर्गात मुलं लगेच 'करुणा', 'सचोटी', 'वस्तुनिष्ठता' असे शब्द लिहायला लागतात. अरे बाबा, आधी कायदा बघ. मुलगी ही वारस आहेच, मग ती कुठंही नांदत असो. हक्कसोड करायची तर नोंदणीकृत दस्त लागतो, नुसत्या मुद्रांकावरच्या सहीनं हक्क जात नाही. म्हणजे वारस नोंदवहीत चारही नावं यायला पाहिजेत. मग फेरफार, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन. बहिणीला खरंच हक्क सोडायचा असेल तर ती दुय्यम निबंधकाकडं जाऊन सोडेल, कुणी अडवलेलं नाही.

मग नीती कुठं आली? ती त्या नोटिशीत आली. बहिणीची नोटीस भावाच्याच हातात देऊन 'सही आणून द्या' म्हणता येतं. कागदोपत्री सगळं नीट दिसेल, वरिष्ठ विचारणार नाहीत, चहापाणी होईल. किंवा बहिणीचा गडहिंग्लजचा पत्ता मागून घेऊन नोटीस सरळ तिच्या नावानं पाठवता येते. दोन्हींना वेळ जवळजवळ सारखाच लागतो. पेपरात या प्रश्नाला फार तर वीस गुण असतील. तो पत्ता आपण मागू की नाही, याचा मात्र अभ्यासिकेतून घरी जाताना प्रत्येकानं एकदा विचार करून बघावा, आणि पुढच्या वेळी आम्हाला सांगावं.