मेलेले झुडूप जिवंत निघाले, पण ते नेमके कोणते?

सेंट हेलेना हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते नेपोलियनमुळे. १८१५ मध्ये त्याला या बेटावर आणून ठेवण्यात आले आणि १८२१ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र दक्षिण अटलांटिक महासागरातील हा ज्वालामुखीय खडक वेगळ्याच कारणासाठी परिचित आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर दूर, जेमतेम १२२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या बेटावर अशा अनेक वनस्पती उत्क्रांत झाल्या की ज्या जगात अन्यत्र कोठेही नाहीत. त्यांतील काही पूर्णतः नष्ट झाल्या, काही नष्ट झाल्या असे समजले गेले आणि पुन्हा सापडल्या. एका झुडपाच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार घडला. ते नष्ट झाल्याची नोंद झाली, १९८० मध्ये ते जिवंत सापडले आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी लक्षात आले की, इतकी वर्षे त्याला दिलेले नाव त्याचे नव्हतेच.

हे झुडूप म्हणजे सेंट हेलेनाचा आबनूस. नाव आबनूस असले तरी व्यापारातील खऱ्या आबनुसाशी याचे काही नाते नाही. खरा आबनूस आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला. सेंट हेलेनाचे हे झुडूप जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्या कुळात मोडते. पाने गडद हिरवी, फुले मोठी, पाच पाकळ्यांची, पांढरी आणि मध्यभागी तांबूस छटा असलेली. लाकूड मात्र काळे, जड, कठीण आणि ठिसूळ. या काळ्या गाभ्यामुळेच खलाशांनी आणि वसाहतकारांनी त्याला आबनूस म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

१५०२ मध्ये पोर्तुगीजांना हे बेट सापडले तेव्हा तेथे मनुष्यवस्ती नव्हती. चरणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. पुढे ताज्या मांसाची सोय म्हणून पोर्तुगीजांनी बेटावर बकऱ्या सोडल्या. १५८८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी थॉमस कॅव्हेंडिश तेथे पोहोचला, तेव्हा त्याला जवळजवळ मैलभर लांबीचे कळप दिसले. ज्या झुडपांना लाखो वर्षांत कोणी कुरतडले नव्हते, त्यांच्या अंगी ना काटे होते ना विषारी चीक. बकऱ्यांनी रोपे खाल्ली, जुनी झाडे वयोमानाने पडत गेली आणि त्यांची जागा घेणारे कोणी उरले नाही. १६५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बेटाचा ताबा घेतल्यावर माणसाच्या गरजांची भर पडली. तटबंदीच्या बांधकामासाठी चुना हवा होता आणि चुन्याच्या भट्ट्यांत आबनुसाचे लाकूड सर्पण म्हणून जाऊ लागले. कातडी कमावण्यासाठी झाडांच्या साली सोलल्या जात. सोलणारे हाताला येईल तेवढ्या खोडाची साल काढून पुढे जात आणि मागे उभे झाड वाळून जाई.

हे कोणाच्या लक्षात आले नाही असे मुळीच नव्हे. १७०९ मध्ये बेटाच्या गव्हर्नराने लंडनला कळवले की, लाकूड झपाट्याने संपत आहे, बेटावर अवर्षण पडत आहे आणि आबनूस वाचवायचा असेल तर बकऱ्या मारून टाकणे आवश्यक आहे. संचालकांचे उत्तर आले की, आबनुसापेक्षा बकऱ्या अधिक मोलाच्या असल्याने त्या मारू नयेत. आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८८० च्या आपल्या बेटांवरील जीवसृष्टीविषयीच्या ग्रंथात हा पत्रव्यवहार आवर्जून नोंदवला आहे. जमाखर्चाच्या दृष्टीने संचालकांचे उत्तर त्या दिवशी चुकीचे नव्हते. आबनुसाची किंमत त्यांनी सर्पण म्हणून केली होती, एवढेच.

शास्त्रीय नोंदीचा आरंभ १७७१ मध्ये होतो. कॅप्टन कुकचे एंडेव्हर हे जहाज जगप्रदक्षिणेहून परतताना मे महिन्याच्या आरंभी सेंट हेलेनाला काही दिवस थांबले. जहाजावर जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर हे निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांनी बेटावरून एका आबनुसाची डहाळी दाबून, वाळवून लंडनला नेली. या नमुन्यावरच पुढे त्या जातीचे नाव उभे राहिले. ‘मेलॅनोझायलॉन’, म्हणजे ग्रीक भाषेत काळे लाकूड. विदर्भात विड्या वळण्यासाठी ज्याची पाने गोळा केली जातात त्या तेंदूच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे. तेंदूला ते नाव देणारा विल्यम रॉक्सबर्ग हा कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. भारत सोडून मायदेशी परतताना १८१३-१४ मध्ये तोही सेंट हेलेनाला राहिला आणि तेथे पाहिलेल्या वनस्पतींची त्याने केलेली यादी १८१६ मध्ये प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानातून विलायतेला निघालेल्या कंपनीच्या जहाजांचा हा नेहमीचा थांबाच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आबनूस शोधणाऱ्यांच्या पदरी निराशा येऊ लागली. जे. सी. मेलिस याने १८७५ मध्ये बेटाविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की, शेवटचे रोप आपण सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका बागेत पाहिले होते, तेही आता नाही आणि संपूर्ण बेट धुंडाळूनही दुसरे मिळाले नाही. उजाड टेकड्यांच्या धुपलेल्या मातीतून जुन्या आबनुसाची काळी खोडे मात्र मिळत राहिली. बेटावरचे कारागीर त्यांच्यापासून शोभेच्या वस्तू घडवीत. लाकूड हाती होते, झाड नव्हते. अशा स्थितीत शंभराहून अधिक वर्षे गेली.

नोव्हेंबर १९८० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्वेंटिन क्रॉंक आणि बेटावरचेच वनकर्मचारी जॉर्ज बेंजामिन हे दोघे समुद्राकडील एका कड्यावर फिरत असताना बेंजामिन यांच्या नजरेला दोन झुडपे पडली. बेंजामिन यांची दृष्टी बेटावर प्रसिद्ध होती. १९७७ मध्ये सर्वोच्च शिखराच्या परिसरात, नष्ट झाल्याचे मानल्या गेलेल्या दुसऱ्या एका वृक्षाचा शोधही त्यांनीच लावला होता. ही झुडपे वाचली ती केवळ दुर्गमतेमुळे. जेथे बकरी पोहोचत नाही आणि कुऱ्हाडही पोहोचत नाही, अशा जागी ती वाढली होती. बेंजामिन यांचे बंधू दोराच्या आधाराने कड्यावर उतरले आणि त्यांनी फांद्या तोडून वर आणल्या. त्या कलमांना मुळे फुटली. आज बेटावर जो आबनूस लावलेला दिसतो तो सगळा या दोन झुडपांचा वंश आहे.

जिवंत झाड हाती आले म्हणजे ओळख पटली, असे सामान्यतः वाटेल. प्रथम तसेच घडले. बेटावर काळ्या लाकडाचा आबनूस एकच, त्याचे नाव ‘मेलॅनोझायलॉन’, तेव्हा कड्यावर सापडले ते तेच, असा सरळ हिशेब होता. १९८१ मध्ये क्यू येथील शास्त्रज्ञ मराईस यांनी सेंट हेलेनाच्या या झुडपांसाठी ट्रोकेटिऑप्सिस ही स्वतंत्र प्रजाती केली. तोवर त्यांची गणना ट्रोकेशिया या प्रजातीत होत असे. (या प्रजातीतील एक फूल १९९२ पासून मॉरिशसचे राष्ट्रीय पुष्प आहे, हे तेथील मराठी बांधवांना माहीत असेलच.) प्रजाती बदलली तरी जातीचे नाव तसेच राहिले.

येथे वनस्पतींच्या नामकरणातील एक नियम समजून घ्यावा लागतो. शास्त्रीय नाव हे झाडाच्या वर्णनाला किंवा लोकांच्या समजुतीला बांधलेले नसते. ते एका विशिष्ट वाळवलेल्या नमुन्याला बांधलेले असते. या आदर्श नमुन्याशी जे झाड जुळते तेच त्या नावाचे धनी. नंतरच्या शंभर ग्रंथकारांनी ते नाव दुसऱ्या झाडाला लावले, तरी निवाडा नमुन्यापुढेच होतो. जमिनीच्या वादात गावकरी काय म्हणतात यापेक्षा सात-बाराचा उतारा काय म्हणतो हे पाहतात, तसाच हा प्रकार.

क्रॉंक यांनी बँक्स आणि सोलँडर यांनी आणलेली सामग्री आणि कड्यावरचे झुडूप यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही जुळेनात. हे फरक एका जातीत नेहमी आढळणाऱ्या वैविध्यात बसणारे नव्हते. निष्कर्ष एकच निघत होता. सेंट हेलेनावर काळ्या लाकडाच्या आबनुसाच्या एक नव्हे, दोन जाती होत्या. १७७१ मध्ये लंडनला गेली ती एक, कड्यावर तग धरून राहिली ती दुसरी. काळे लाकूड दोघांचे, लोकभाषेत नाव एकच, शिवाय झाडे इतकी विरळ की शेजारी ठेवून पाहण्याची संधी नाही. त्यामुळे दोन शतके त्यांची सरमिसळ होत राहिली. ‘मेलॅनोझायलॉन’ हे नाव नियमानुसार पहिल्या जातीकडेच राहिले. कड्यावरच्या झुडपाला तर शास्त्रीय नावच नव्हते. क्रॉंक यांनी १९९५ मध्ये एडिंबरो येथील वनस्पतिशास्त्रविषयक नियतकालिकात ‘ट्रोकेटिऑप्सिस एबेनस’ या नावाने त्याची नवी जाती म्हणून नोंद केली. ज्याची कलमे एव्हाना रुजली होती, ते झुडूप शास्त्राच्या दप्तरात तेव्हा कुठे जन्माला आले.

त्याच शोधनिबंधात आणखी एक नोंद होती. याच प्रजातीतील तिसरी वनस्पती, म्हणजे बेटावरचे ‘रेडवूड’ किंवा तांबड्या लाकडाचे झाड, हेही नैसर्गिक अवस्थेत नष्ट झाले असून केवळ लागवडीत उरले आहे. त्याची आजची झाडे एकाच झाडाची संतती असल्याने सततच्या अंतःप्रजननामुळे कमजोर निपजतात. आबनूस आणि रेडवूड शेजारी लावले गेले, तेव्हा त्यांचा संकर झाला आणि ही संकरित रोपे दोन्ही पालकांपेक्षा जोमदार निघाली. क्रॉंक यांनी या संकराला बेंजामिन यांचे नाव दिले. नाव गौरवाचे असले तरी संवर्धन करणाऱ्यांसाठी तो डोकेदुखीचा विषय आहे. आबनुसाच्या झाडाखालचे बी आबनुसाचेच असेल याची खात्री नाही. रेडवूड जवळ असेल तर त्याचा पराग आलेला असू शकतो आणि निष्काळजीपणे बी पेरत गेल्यास दोन्ही मूळ जाती संकरात विरघळून जातील. शुद्ध आबनूस हवा असेल तर कलमांचा मार्ग खात्रीचा. परंतु कलमाने नवी आनुवंशिक विविधता येत नाही आणि येथे मुळातच भांडवल दोन झुडपांचे आहे.

केवळ सापडल्याने झाड वाचत नाही, हेही याच बेटाने दाखवले आहे. बेंजामिन यांना १९७७ मध्ये सापडलेला वृक्ष म्हणजे सेंट हेलेनाचा ‘ऑलिव्ह’. हेही नाव फसवे, कारण तो आपल्या बोरीच्या कुळातला. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून उंच असलेल्या डायनाज पीकच्या धुक्यात भिजणाऱ्या उतारांवर तो वाढत असे. रानातला तो एकमेव वृक्ष १९९४ मध्ये मेला. स्वतःच्याच परागाने त्याला बी क्वचितच धरे. लागवडीतली त्याची रोपे बुरशी आणि वाळवीने एकेक करून गेली आणि डिसेंबर २००३ मध्ये शेवटचे रोपही संपले. आबनुसाच्या फांदीला सहज मुळे फुटतात, ऑलिव्हच्या फांदीला ती महाप्रयासाने फुटत. या फरकामुळे आबनुसाची हजारो रोपे बेटाच्या उजाड उतारांवर लावता आली.

क्रॉंक यांच्या निष्कर्षाची एक बाजू मात्र तितकी सुखद नव्हती. १९८० ते १९९५ या काळात सर्वांची समजूत होती की, बँक्सने नेलेला आबनूस परत मिळाला आहे. नव्या जातीची नोंद झाली त्या क्षणी जुनी जात पुन्हा नष्टांच्या यादीत गेली. ठेंगणा आबनूस म्हणून आता ओळखल्या जाणाऱ्या त्या जातीचे एकही जिवंत झाड त्यानंतर आढळलेले नाही. १७७१ च्या मे महिन्यात तोडलेल्या डहाळ्या लंडनच्या संग्रहालयात कागदावर चिकटवलेल्या आहेत.