एस्प्रेसोचें घरगुती यंत्र कसें निवडावें ?

लग्नाच्या मांडवांत जेवणें आटोपल्यावर एका कोपऱ्यांत फुसफुसणारें एक यंत्र श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. दूध, साखर आणि पाण्यांत विरघळणारी कॉफी एका भांड्यांत घालावयाची, त्यांत वाफेची नळी सोडावयाची, फेंस वर आला कीं चिमूटभर चॉकलेटची भुकटी भुरभुरावयाची आणि पाहुण्यांच्या हातीं पेला द्यावयाचा. आपल्याकडे 'एक्स्प्रेसो कॉफी' हें नांव या पेयाला चिकटलें आहे. पेय गोड आहे आणि त्याची निंदा करण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु इटलीमध्यें ज्याला एस्प्रेसो म्हणतात, त्याच्याशीं याचें नातें केवळ वाफेपुरतें आहे. नांव एक आणि वस्तु दोन, अशी स्थिति असली म्हणजे बाजारांत ग्राहकाची फसगत व्हावयास वेळ लागत नाहीं.

ही फसगत आतां थोड्या पैशांची राहिलेली नाहीं. रायगड जिल्ह्यांतील तळा या तालुक्याच्या गांवाचें उदाहरण घ्यावें. तळगडाच्या पायथ्याशीं वसलेल्या या गांवांतील, कोंकणांतल्या इतर गांवांप्रमाणेंच, पुष्कळ घरांचीं कर्तीं माणसें मुंबईस नोकरीला असतात. शहरांतील कॉफीच्या दुकानांची गोडी लागलेलीं मुलें गणपतीला किंवा मे महिन्यांत घरीं येतात आणि आई-वडिलांसाठीं असेंच एखादें यंत्र आणावें असा विचार निघतो. किंमत कांहीं हजार रुपयांपासून थेट लाखापर्यंत जाते. निवड चुकली तर सुटी संपून मुलें परतलीं कीं यंत्र माळ्यावर जातें, आणि घरांतील वडील मंडळी पुन्हां पातेल्यांतल्या चहाकडे वळतात. खर्च तर होतोच, पण प्रेमानें आणलेली वस्तु अडगळ झाल्याची रुखरुख दोन्ही बाजूंस राहते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं त्याचें तत्त्व समजून घेणें अगत्याचें आहे.

एस्प्रेसो या इटालियन शब्दांतून 'दाबून काढलेली' आणि 'गिऱ्हाइकाकरितां मुद्दाम, तत्काळ केलेली' असे दोन्ही अर्थ ध्वनित होतात. १८८४ सालीं तूरिन शहरच्या अँजेलो मोरिओंदो यानें वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. १९०१ मध्यें मिलानच्या लुइजी बेत्झेरा यानें एकेका पेल्यापुरती कॉफी काढण्याची युक्ति शोधली, आणि देसिदेरिओ पावोनी यानें १९०५ च्या सुमारास तसलीं यंत्रें विक्रीस आणलीं. परंतु तीं सर्व वाफेच्याच जोरावर चालत. दाब वाढवावयाचा म्हणजे वाफ अधिक तापवावयाची, आणि उष्णता वाढली कीं कॉफी करपट व कडू व्हावयाची, असा तो पेंच होता. आकिले गाज्जा यानें तो सोडविला. त्याच्या १९४८ च्या यंत्रांत स्प्रिंगेच्या जोरावर चालणारा दट्ट्या पाणी ढकलीत असे. त्यामुळें पाणी उकळीच्या खालींच राहून दाब मात्र कित्येक पट वाढला, आणि पेल्यावर तांबूस-सोनेरी सायीसारखा थर दिसूं लागला. यालाच क्रेमा म्हणतात. पुढें १९६१ मध्यें फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रांत दट्ट्याचें काम विजेच्या पंपाकडे आलें.

आजचें प्रमाण साधारणपणें असें आहे: बारीक दळलेली सुमारें ७ ग्रॅम भुकटी, ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलें पाणी, ९ बार इतका दाब, आणि २५ ते ३० सेकंदांत निघालेली २५ ते ३० मिलिलिटर कॉफी. हा दाब केवढा, हें समजण्यास स्वयंपाकघरांतील कुकर पुरेसा आहे. कुकरची शिट्टी होते त्या वेळीं आंतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां सुमारें १ बारनें अधिक असतो. त्याच्या नऊपट जोर एस्प्रेसोला लागतो. सुमारें ९० मीटर खोल पाण्याच्या तळाशीं असतो, तेवढा हा जोर होय. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली तर निम्म्या जाहिरातींचें मोल आपोआप कळतें. जें साधन केवळ शेगडीवरच्या वाफेनें चालतें तें रुचकर कॉफी देईल, परंतु एस्प्रेसो देणार नाहीं.

आतां बाजारांत मिळणारीं साधनें एकेक करून पाहूं.

सर्वांत साधें साधन म्हणजे दाक्षिणात्य फिल्टर. यांत पाणी केवळ आपल्या वजनानें भुकटींतून झिरपतें आणि खालच्या भांड्यांत दाट अर्क जमतो. हा एस्प्रेसो नव्हे. तथापि ज्या घरांत जायफळ घातलेली दुधाची कॉफीच सर्वांना प्रिय आहे, त्या घराची गरज हा फिल्टर पूर्णपणें भागवितो. त्याला वीज लागत नाहीं आणि त्यांत मोडण्यासारखेंहि कांहीं नाहीं.

दुसरें साधन मोका पॉट. १९३३ मध्यें इटलींत आल्फोन्सो बियालेत्ती याच्या कारखान्यांतून निघालेलें हें आठ पैलूंचें ॲल्युमिनियमचें भांडें आहे. खालच्या कप्प्यांत पाणी, मधल्या चाळणींत भुकटी, आणि वरच्या कप्प्यांत तयार कॉफी अशी त्याची रचना. पाणी तापूं लागलें कीं खालीं कोंडलेल्या वाफेच्या दाबानें तें भुकटींतून वर चढतें. दाब कुकरइतका, फार तर त्याहून किंचित् अधिक. कॉफी मात्र काळीभोर व जोरकस होते. पाणी झडपेच्या खालींच ठेवावें, भुकटी दाबून भरूं नये, आंच मंद असावी, आणि भांडें गुरगुरूं लागतांच खालीं उतरावें. सुरक्षेची ती झडप कधींहि बुजूं देऊं नये. मोठ्या बर्नरवर लहान भांडें डळमळतें, म्हणून खालीं जाळी ठेवावी. साधें ॲल्युमिनियमचें भांडें इंडक्शन शेगडीवर तापत नाहीं, त्यासाठीं पोलादी तळाचें घ्यावें लागतें. शिवाय सहा कपांच्या भांड्यांत दोन कपांची कॉफी नीट होत नाहीं. माणसें मोजूनच आकार ठरवावा, आणि हा कप लहान, इटालियन मापाचा असतो हेंहि विसरूं नये.

तिसरा प्रकार पंपाविना चालणाऱ्या स्वस्त विजेच्या यंत्रांचा. दिसण्यांत तीं एस्प्रेसोच्या यंत्रासारखीं असलीं तरी आंत केवळ वाफ कोंडण्याचीच व्यवस्था असते. बेत्झेराच्या यंत्राचा जुना पेंच येथें कायम आहे. मोका पॉटच्या कित्येक पट किंमत देऊन त्याहून बरी कॉफी मिळत नाहीं, म्हणून हा प्रकार टाळावा हें उत्तम.

चौथा प्रकार पंपाच्या यंत्रांचा. खरा एस्प्रेसो येथें मिळतो. खोक्यावर '१५ बार' किंवा '२० बार' असें ठळक छापलेलें असतें, परंतु तो पंपाचा कमाल जोर होय. कॉफीला ९ बारच पुरतात, म्हणून त्या आंकड्यासाठीं एक रुपयाहि अधिक मोजूं नये. त्यापेक्षां चाळणी पाहावी. दुहेरी तळाच्या चाळणीला खालीं एकच सूक्ष्म भोंक असतें. ती जाड-बारीक कशाहि भुकटीवर फेंस आणते, परंतु तो फेंस वरवरचा असतो. एकेरी तळाची चाळणी दळणाची परीक्षा पाहते आणि खरी चव देते. दोन्ही चाळण्या सोबत मिळत असतील तर नवशिक्याला सोयीचें होतें.

या यंत्रांना १००० ते १५०० वॉटपर्यंत वीज लागते. घरांतील पांच-सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर तीं न चालवितां मोठा, अर्थिंग असलेला प्लग वापरावा. पाण्याचीहि परीक्षा करावी. ज्या घरांत पाणी तापविण्याच्या भांड्याला आंतून पांढरें कीट धरतें, त्या घरांत यंत्राच्या बारीक नळ्याहि तशाच बुजतात. मग दर कांहीं महिन्यांनीं लिंबूसत्वाच्या पाण्यानें त्या स्वच्छ कराव्या लागतात. कुकरच्या रिंगेप्रमाणें याचेंहि रबरी कडें झिजतें. तें सुटें मिळतें कीं नाहीं, याची चौकशी आधींच करावी. तळ्याहून मुंबई शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. बिघडलेलें यंत्र दर वेळीं तेथवर पाठवावें लागणार असेल तर त्याची स्वस्ताई कागदावरच राहते.

पांचवा प्रकार हातदांड्याचा. यांत उकळतें पाणी वरून ओतून दांडा हातानें दाबावयाचा. तरफेच्या तत्त्वानें माणसाच्या बळावरच ६ ते ९ बार दाब मिळतो. भारनियमनाची किंवा पावसाळ्यांत वीज जाण्याची भीति याला नाहीं, आणि भाग थोडे असल्यानें बिघाडहि थोडे. मात्र मनगटांत जोर हवा आणि दर पेल्यामागें चार-पांच मिनिटें हवींत. संधिवात असलेल्या वडील माणसाच्या हातीं हें साधन देऊं नये.

सहावा प्रकार कुप्यांचा. बंद कुपी यंत्रांत सरकवावयाची, कळ दाबावयाची, कीं कॉफी तयार. कष्ट नाहींत, पण प्रत्येक पेला महाग पडतो. कुप्या संपल्या कीं टपालाची वाट पाहावी लागते, आणि रिकाम्या कुप्यांचा कचरा सांठतो तो निराळाच.

येथवर यंत्राचा विचार झाला. परंतु जाणते लोक सांगतात कीं एस्प्रेसोचें निम्में यश दळणांत आहे. यांतील मर्म आपल्या आज्यांना ठाऊक होतें. जात्याच्या दोन पाळ्यांमधून निघालेलें पीठ एकसारखें असतें. मिक्सरचीं पातीं दाणा दळीत नाहींत, तोडतात, म्हणून त्यांतून कांहीं पीठ व कांहीं भरड असें निघतें. ९ बारचें पाणी अशा भुकटींत भरडीच्या वाटेनें पळतें आणि पिठांत अडतें, म्हणून एकच पेला आंबट व कडू असा दोन्ही लागतो. कॉफीचें चांगलें दळण्याचें यंत्र म्हणजे पोलादी पाळ्यांचें लहानसें जातेंच होय. तें हातानें फिरवावयाचेंहि मिळतें. पंपाचें यंत्र घ्यावयाचें असेल तर ठरविलेल्या रकमेचा मोठा वांटा दळण्याच्या यंत्राकडे वळवावा. महाग यंत्र व वाईट दळण यांपेक्षां साधें यंत्र व चांगलें दळण हा सौदा केव्हांहि बरा.

कॉफी कोणती घ्यावी ? फिल्टरसाठीं विकल्या जाणाऱ्या पुष्कळ भुकट्यांत चिकोरी असते. तिचें प्रमाण पाकिटावर छापलेलें असतें, तें वाचावें. चिकोरीमुळें फिल्टरच्या अर्काला दाटपणा येतो, पण पंपाच्या यंत्राला ती मानवत नाहीं. तेथें निर्भेळ कॉफीच हवी. ती परदेशीच असली पाहिजे असें मुळींच नाहीं. इटली हें भारतीय कॉफीचें मोठें गिऱ्हाईक आहे, आणि कर्नाटकांतील मळ्यांतल्या बिया तेथील मिश्रणांतून जगभर जातात. आपल्या महाराष्ट्रांत चिखलदऱ्याच्या डोंगरांवरहि कॉफी पिकते.

मात्र कोंकणांत एक वैरी सांभाळावा लागतो, तो म्हणजे दमट हवा. मलबार किनाऱ्यावर कच्च्या बियांना मुद्दाम पावसाळी वारा देऊन 'मॉन्सून्ड मलबार' नांवाची प्रसिद्ध कॉफी तयार करितात. परंतु तो संस्कार कच्च्या बियांवरचा. भाजलेल्या बियांना तोच वारा लागला तर त्या आठवड्यांत निर्जीव होतात. जेथें वर्षाला सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, अशा जिल्ह्यांत किलोचें पाकीट भरून ठेवणें शहाणपणाचें नाहीं. भाजल्याची तारीख पाहून थोडी थोडी कॉफी आणावी, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी, आणि लागेल तेव्हढीच दळावी.

दुधाच्या फेंसासाठीं मोठें यंत्र घेणाऱ्यांनीं हेंहि जाणावें कीं, गार दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवून घुसळलें तर मऊ फेंस येतो. वाफेची नळी हें काम सुरेख करिते हें खरें; पण घरांतील लहान रवीहि तें बऱ्यापैकीं करूं शकते.

सारांश, दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं घरांतच तीन प्रश्न विचारावे. घरांतील मंडळी प्रत्यक्ष काय पितात ? रोज सकाळीं सहा वाजतां तें कोण करणार ? आणि बिघडलें तर नीट कोण करणार ? सर्वांना दुधाची कॉफी हवी असेल तर फिल्टर पुरे. कोऱ्या, कडक कॉफीची आवड असेल तर मोका पॉट आणि हातानें फिरवावयाचें दळण्याचें यंत्र. तळ्यासारख्या गांवांतील बहुतेक घरांना हीच जोडी शोभेल. ज्यांना खऱ्या एस्प्रेसोचा शौक आहे, हाताशीं वेळ आहे आणि शिकण्याची हौस आहे, त्यांनीं आपल्या बळाप्रमाणें हातदांड्याचें किंवा पंपाचें यंत्र खुशाल घ्यावें. आई-वडिलांकरितां आणावयाचें असेल, तर खरेदीपूर्वीं त्यांच्याच हातून एक पेला करवून पाहावा. त्यांना तें सहज जमलें तर यंत्र ओट्यावर राहील. न जमलें तर पैसे गांठीशीं ठेवून चांगली कॉफी आणावी, आणि ती फिल्टरमधूनच प्यावी.