बापाचा हात थांबवायचा कसा?

रात्री शेजारच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज येतो, मूल रडू लागते आणि आपण म्हणतो, "नवरा-बायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडावे?" प्रकरण हाताबाहेर गेले तर वस्तीतील वडीलधारी मंडळी बैठक बसवितात. नवरा माफी मागतो, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो आणि बाईला नांदायला धाडले जाते. सातारा-सांगलीकडे हे कोणास नवे नाही. आम्हीही अशा बैठकीला बसलो आहोत. नवऱ्यादेखत आम्ही तिला विचारले, "बाई, तुझे म्हणणे काय?" ती मान खाली घालून गप्प राहिली. आम्ही तिला समेट समजलो. महिन्याभरात तिच्या अंगावर पुन्हा वळ उठले. चूक आमची होती.

जाणकारांची पद्धत निराळी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला व तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेमले. पुढे असे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले. अशा कामात आधी बाईचे एकटीचे ऐकून घेतात, तिला व मुलांना धोका किती ते पाहतात. मगच नवऱ्याला बोलावतात आणि पुढेही विचारपूस ठेवतात.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. नियम असा की, मारहाणीचे कोणतेही समर्थन येथे ऐकले जाणार नाही, हे त्या पुरुषाला सुरुवातीलाच सांगावे लागते. "ती उलट बोलली", "जेवण वेळेवर नव्हते" ही कारणे तेथे चालत नाहीत. आम्ही मात्र बैठकीत याच कारणांवर तासभर घालविला होता.

दारूचेही तसेच. साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करते. व्यसन असेल तर उपचार हवेतच. परंतु प्यालेला माणूस साहेबावर हात उगारीत नाही, घरी येऊन बायकोवर उगारतो. म्हणजे हात कोणावर टाकायचा, हे त्याला कळत असते. दारू सुटली तरी हे खूळ वेगळे सोडवावे लागते.

बापाच्या मनात शिरण्याची एक वाट मुलांकडून जाते. कॅनडात 'केअरिंग डॅड्स' नावाचा सतरा आठवड्यांचा वर्ग अशा बापांसाठी निघाला. बायकोविषयी काही ऐकून न घेणारा माणूस मुलांविषयी ऐकतो. आईला मारले की मुलालाही जखम होते, हे तेथे त्याला पटवून देतात. आपल्याकडे मुंबईत १९९३ साली सुरू झालेल्या 'मावा' संस्थेत पुरुषच पुरुषांशी या विषयावर बोलतात.

तथापि प्रत्येक जण बदलतोच असे नाही. म्हणून बाई व मुले सुरक्षित असणे हे पहिले. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार मुलांचा तात्पुरता ताबा आईला मिळू शकतो, आणि मुलांना अपाय होणार असेल तर बापाची भेटही नाकारता येते.

समाजबांधवांस विनंती एवढीच की, बैठकीआधी तिला संरक्षण अधिकाऱ्यांची वाट दाखवावी. १८१ व मुलांसाठी १०९८ हे क्रमांक द्यावेत. आणि "नांदायला जा" असे म्हणण्यापूर्वी, तो समोर नसताना, तिला एकदा विचारावे.